दातांच्या कामातून सुटलेली आकडी

मित्रांनो, घड्याळ दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात, टेबलाच्या वरच्या खणात, चिमटा आणि ब्रश यांच्यामध्ये एक पोलादी काडी पडलेली असते. पेन्सिलीएवढी लांब, मधोमध खरखरीत मूठ. ती मी, दात साफ करायची एक जुनी आकडी. हल्ली मी घड्याळांच्या चाकांतली धूळ काढते आणि फार सुखात आहे. हे सुख मात्र मला सहजासहजी मिळालेलं नाही.

कारखान्यात मला घासलं, तापवलं, तेलात बुडवलं आणि टोक वाकवून धार लावली. तिथून मी दातांच्या दवाखान्यात आले. माझं काम कीटण काढण्याचं. खाल्ल्यानंतर दातांवर एक मऊ, चिकट थर बसतो. रोज घासून तो काढला नाही, तर लाळेतल्या क्षारांनी हळूहळू दगडासारखा होतो. त्यालाच कीटण म्हणतात. मग ब्रश हात टेकतो आणि माझी पाळी येते. काम करताना डॉक्टर एक बोट शेजारच्या दातावर टेकवून ठेवत, त्यामुळे मी कधी घसरले नाही. प्रत्येक माणसानंतर मला वाफेच्या यंत्रात तापवून शुद्ध करत. बारा वर्षं अशी गेली. धार लावून लावून माझं टोक झिजलं, तेव्हा मला बाजूला काढलं. तिथल्या मदतनीस बाईंनी मला आपल्या घराशेजारी राहणाऱ्या घड्याळजींना देऊन टाकलं.

घड्याळजींचा हात सोन्याचा होता. तिळाएवढा स्क्रू ते श्वास रोखून बरोबर जागी बसवत. त्यांच्याकडे मी रमले. पण एखाद्या कामात वाकबगार असलेल्या माणसाला कधी कधी वाटतं, की आपल्याला सगळंच जमेल. घड्याळजींचं तसंच झालं.

त्यांची थोरली बहीण त्यांच्याच घरी राहायची. घरी सगळे तिला ताई म्हणत. परगावी ताईच्या मुलीला बाळ झालं होतं आणि चार दिवसांनी ताई नातवाला बघायला निघणार होती. पण ती आनंदात दिसेना. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळं कीटण साचलं होतं आणि तोंडाला वास येत होता. बाळाला जवळ कसं घेऊ, हीच तिला काळजी. दवाखान्याचं नाव काढलं की तिला घाम फुटे, कारण लहानपणी भूल न देताच तिची दाढ उपटली होती.

"मी काढतो की," घड्याळजी म्हणाले. "यांत्रिक कामच आहे. पाच मिनिटं लागतील."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दुकानाचं दार लोटलं, टेबलावरचा दिवा वळवला आणि ताईला खुर्चीत बसवलं. मला गरम पाण्यातून काढलं, बस्स. तेवढ्याने मी शुद्ध होत नाही, पण सांगणार कशी? पहिला तुकडा टक्कन निघाला. ताईने जीभ फिरवून पाहिली आणि हसली. दुसरा निघाला. घड्याळजींना हुरूप आला. उरलेलं कीटण हिरडीच्या खाली गेलेलं होतं. तिथलं दिसत नाही, नुसत्या हाताला कळावं लागतं, आणि तो हात वेगळा असतो. त्यांनी जोर लावला. कीटण सुटलं नाही, मी सुटले. थेट हिरडीत रुतले.

रक्त आलं. ताईने चूळ भरली, पुन्हा आलं. तिने चुळांमागून चुळा भरल्या आणि रक्त वाढतच गेलं. पंधरा मिनिटं झाली तरी थांबेना. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा ताई रुमालाआडून हळूच म्हणाली, "अरे, मी त्या गोळ्या घेते ना. रक्त पातळ करायच्या."

 घड्याळजींनी लगेच मला कागदात गुंडाळून खिशात टाकलं, ताईला रिक्षात बसवलं आणि दोन रस्ते पलीकडच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. सारा वेळ ताईने त्यांचा हात घट्ट धरला होता. दवाखान्याची भीती तिला त्या दिवशी आठवलीसुद्धा नाही.

डॉक्टरबाईंनी आधी गोळ्यांचं नाव विचारलं. मग जखमेवर औषधाची घडी दाबून धरली, भूल दिली आणि एक टाका घातला. अर्ध्या तासात रक्त थांबलं. घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मान खाली घालून मला टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. दात वाचला आहे, हिरडीही भरून येईल, असं त्यांनी सांगितलं. घरी खरवडताना हिरडी फाटते, दाताच्या वरच्या कवचावर चरे पडतात, जखम पिकू शकते. आणि एवढं करून वरवरचंच निघतं. हिरडीखालचं, खरा त्रास देणारं, तसंच राहतं. मग त्या ताईकडे वळल्या. "गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, बरं का. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते आणि मग दात साफ करू."

नातवाकडे जाणं पंधरा दिवस लांबलं. ठरलेल्या दिवशी ताई खुर्चीत डोळे मिटून बसली. बाईंनी थांबत थांबत, विचारत विचारत काम केलं. शेवटी ताईने विचारलं, "सुरू कधी करणार?" काम तर संपलं होतं. लहानपणापासून जपलेली भीती पाऊण तासात निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती नातवाकडे गेली आणि तिथून तिने कळवलं, की बाळ आपल्या कुशीतून उतरायलाच तयार नाही.

मित्रांनो, रोज दोनदा दात नीट घासा आणि कीटण जमलं तर ज्याचं काम त्याच्याकडे जा. मोठी माणसं टोकदार काही घेऊन आरशापुढे उभी राहिली, तर त्यांनाही माझी गोष्ट सांगा.

ताईचा निरोप आला त्या दिवशी घड्याळजींनी मला खणातून काढलं. दोन पकडींत धरून त्यांनी माझं वाकडं टोक हळूहळू सरळ केलं, म्हणजे पुन्हा कुणी मला तोंडात घालायला नको. मोडते की काय, असं क्षणभर वाटलं. पण मोडले नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.