दोन ठिपक्यांची कृपा

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या रविवारी शे-दीडशे माणसं बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी हातात. दुखरी टाच उघडी ठेवायची, असा नियम होता. कृपा चपलेतून आत जात नाही म्हणे.

समोर सोफ्यावर टाचमहाराज. सोफ्याच्या पाठीवर ‘दोन वर्षांची हमी’ हे लेबल अजून लोंबत होतं. दारावर पाटी होती : ‘ज्यांच्या दोन्ही टाचा दुखतात त्यांनी येऊ नये. त्यांचे प्रारब्ध कठीण असते.’

“बघ,” मामा माझ्या कानाशी लागला. “लबाड असता तर अशी पाटी लावली असती का? जे जमत नाही ते सरळ सांगून टाकतो.”

माझ्या मामाचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर उभा राहून तो लोकांच्या डोक्यांवर आणि जगाच्या कारभारावर कात्री चालवतो. वर्षभरापूर्वी त्याची उजवी टाच दुखायला लागली. हॉस्पिटलात फोटो काढला, तर टाचेच्या हाडात बोराएवढी पोकळी निघाली.

“कॅन्सर नाही, घाबरू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “पण हाड अंड्याच्या कवचासारखं झालंय. दोन बारीक छिद्रं पाडू. एकातून कॅमेरा आत घालू, दुसऱ्यातून आतलं खरवडून काढू आणि पोकळी भरून टाकू. तोवर उड्याबिड्या मारू नका, कवच फुटेल.”

मामाने ऑपरेशनची तारीखही घेतली होती. मग अण्णा गेले.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्याच हॉस्पिटलात एकतीस वर्षं ते एक्स-रे काढत होते. छातीत कळ आली तेव्हा मामानेच त्यांना तिथे नेलं, आणि ते परत आले नाहीत. त्यानंतर मामाने हॉस्पिटलचा रस्ताच सोडला. दुकानात जायलाही लांबचा रस्ता धरायचा, लंगडत.

“भाऊजींची हयात तिथे गेली, त्यांनाच वाचवलं नाही. मला काय वाचवणार?” तो म्हणायचा. माझ्याकडे उत्तर होतं, पण आईसमोर ते देववत नव्हतं.

म्हणून मी त्याच्याबरोबर इथे आले होते.

महाराजांची पद्धत अशी. भक्ताने त्याच हॉस्पिटलचं पाकीट घेऊन यायचं; गावात दुसरं नव्हतंच. महाराज त्यातून फिल्म काढून दुकानाच्या जुन्या दिव्याच्या पाटीवर लावत : हा बघा रोग! मग फिल्म पाकिटात, पाकीट जांभळ्या शालीखाली. एक फुंकर टाचेवर, दोन पाकिटावर. शाल बाजूला झाली की पाकिटातून फिल्म यायची ती स्वच्छ. तीच टाच, रोग गायब.

“न कापता! न टोचता!” शिष्य ओरडायचा.

“डॉक्टर हाड बघतो,” महाराज म्हणायचे. “मी हाडाचा स्वभाव बघतो.”

शेवटी भक्ताने टेबलावर चढून खाली उडी मारायची. खात्री म्हणून.

पहिला नंबर एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंचा. डावी टाच. हाडाला काट्यासारखं टोक आलेलं, आणि फिल्मच्या कोपऱ्यात दोन पांढरे ठिपके. फुंकर झाली. नव्या फिल्मवर टोक नव्हतं आणि ठिपका एकच होता.

“हे ठिपके कसले, महाराज?” बाईंनी विचारलं.

“दोष! दोन होते, एक जाळला. उरलेला पुढच्या रविवारी.”

बाईंनी उडी मारली, खाली बसल्या आणि उठेनात.

“आनंदाने पाय भरून आले!” शिष्याने जाहीर केलं. दोघांनी त्यांना उचलून बाहेर नेलं.

मामा पुन्हा माझ्या कानाशी लागला. “कृपा पहिल्यांदा जड जात असेल.”

पुढचा एक ट्रकड्रायव्हर. उजवी टाच. आधी ठिपका एक, नंतर दोन.

“महाराज, माझे दोष वाढले की हो!”

“अरे वेड्या, हे दोष नव्हेत. कृपेचे मोती! एक होता, दोन झाले.”

मी ताठ बसले. पाच मिनिटांपूर्वी जो दोष होता तो एवढ्यात मोती कसा झाला? आणि मग मला ते ठिपके ओळखू आले. लहानपणी मी ते बोटाने चाचपले होते. अण्णांनी एअरगनचे शिशाचे छर्रे चिकटपट्टीवर बसवून घरीच खुणा केल्या होत्या; शिसं फोटोत पांढरं उमटतं. एका पट्टीवर एक छर्रा, ती उजव्या पायासाठी. दुसरीवर दोन, ती डाव्यासाठी. “फिल्म उलटी धरली की डावा पाय उजवा दिसतो,” ते म्हणायचे. “छर्रे कसेही धरा, तेवढेच राहतात.” आणि एकच पाय दुखत असला तरी फोटो ते दोन्ही पायांचे काढायचे.

मी हे मामाला सांगायला वळले, तर खुर्ची रिकामी. मी आठवणीत असतानाच त्याचा नंबर येऊन फुंकरही झाली होती, आणि मामा टेबलावर उभा होता. पाटीवर त्याची नवी, स्वच्छ फिल्म झळकत होती. शिष्य मोजत होता, “एक… दोन…”

“मामा, थांब! उडी मारू नकोस!”

“कोण ही?” महाराजांनी विचारलं.

“भाची आहे,” मामा वरून ओशाळून म्हणाला. “वाचते फार.”

“वाचून टाच बरी होत नाही, मुली.”

“नाहीच होत. मला फक्त मामाला एक विचारायचंय. मामा, फोटो काढताना अण्णांनी तुझ्या उजव्या पायाशी किती छर्रे लावले होते?”

मामा टेबलावर विचारात पडला. “एक. गारढोण होता. मग डाव्या पायाशी दोन लावले. मी म्हटलं, भाऊजी, त्या पायाला काही झालेलं नाही. तर म्हणाले, म्हणूनच. साक्षीदार धडधाकट असावा.”

“आणि आता समोर किती दिसतायत?”

मामाने मोजले. दोनच होते, तरी दोनदा मोजले.

“हा तर माझा डावा पाय,” तो पुटपुटला.

“मोती आहेत ते!” महाराज गरजले.

“कसले मोती घेऊन बसलात!” मामाला कंठ फुटला. “छर्रे आहेत. आमच्या भाऊजींचे!”

मी लोकांकडे वळले. “ज्यांचा नंबर यायचाय त्यांनी आपापलं पाकीट उघडून बघा. आत दोन फिल्म आहेत का?”

दुकानभर कागद फडफडले. माणसं फिल्म वर करून ट्यूबलाइटकडे बघू लागली.

“अगंबाई, माझी टाच बरी झाली!”

“माझीही! आणि अजून फुंकरसुद्धा मारली नाही!”

“काका, उलटी धरा. हां, आता झालात बरे!”

हशा पिकला. ड्रायव्हरने पुढे होऊन शाल उचलली, मग सोफ्याची गादी. गादीखालून रोगांचा गठ्ठा निघाला. सगळ्यांच्या खऱ्या दुखऱ्या टाचा तिथे दाबून ठेवलेल्या.

“म्हणून दोन्ही टाचावाल्यांचं प्रारब्ध कठीण!” मागून कुणीतरी ओरडलं. “बदलायला चांगली फिल्मच नाही ना!”

तोवर महाराज मागच्या दाराने पळाले होते. त्यांच्या दोन्ही टाचा उत्तम होत्या, हे तेव्हा कळलं.

“अगं, पण मी आता उतरू कसा?” मामाने विचारलं.

तो टेबलाच्या कडेवर बसला. मी त्याचा हात धरला, पण तो लगेच उतरला नाही.

“भाऊजींनीच वाचवलं मला.”

“त्यांनी नाही, त्यांच्या सवयीने. मामा, हॉस्पिटलमुळे अण्णा गेले नाहीत. दोन दिवस कळ सोसत ते पित्ताच्या गोळ्या खात बसले होते. मी विचारायचे, बरं वाटतंय का? ते हो म्हणायचे, आणि मी पुन्हा पुस्तक उघडायचे. तू नेलंस तेव्हा उशीर झाला होता. तो उशीर तू केलेला नव्हता.”

मामाने आपल्या उघड्या टाचेवरून हात फिरवला. “उद्या डॉक्टरीणबाई असतात ना?” त्याने विचारलं. मग डावा पाय आधी टेकवत, हळू उतरला.

दुसऱ्या दिवशी रांगेत आमच्या पुढे शिलाईवाल्या बाई होत्या, घोटा मुरगळलेला. ऑपरेशन झालं. शर्टाच्या काजाएवढी दोन छिद्रं, प्रत्येकाला एक-दोन टाके. सहा आठवडे मामा स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना ती दाखवत होता.

त्या दिवशी आम्ही काही मोठं ज्ञान वापरलं नव्हतं. आपलीच पाकिटं उघडून पाहिली, एवढंच. ती घरोघरी असतात. उघडा, बघा. कळलं नाही तर डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी घाईत सांगितलं तर पुन्हा विचारा. दुखणं अंगावर काढू नका, आणि कुणाच्या फुंकरीवर टेबलावर चढू नका.

परवा मामाचा नवा फोटो आला. पोकळीच्या जागी भरलेलं पांढरं दिसत होतं. नवा टेक्निशियन अण्णांच्याच पट्ट्या वापरतो. मामाने चष्मा लावून कोपरा पाहिला.

“एकच,” तो म्हणाला, आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. “साक्षीदारही बघून घे.”

दुसऱ्या फिल्मवर दोन होते.