प्रधानाची बाजू

तालमीला आल्या आल्याच काकांचं डोकं तापलं. जुन्या शोकांतिकेत ते प्रधानाचं काम करत होते, आणि दिग्दर्शकाचं पुन्हा तेच तुणतुणं सुरू होतं की राजकन्येच्या मरणाला प्रधानच जबाबदार आहे.

"ती बापाला सगळं खरं सांगायला निघाली होती. हाच म्हणाला, तू गप्प राहा, मी बघतो. आणि बघितलं काय? काही नाही."

"अहो, पण पोरीचं भलंच चिंतलं ना त्यानं," काका करवादले. "उगाच म्हाताऱ्याच्या माथी खापर कशाला फोडता?"

आठवडाभर हाच वाद चालला होता. कोणी माघार घेईना, आणि तालीम काही पुढे सरकेना.

तेवढ्यात राजकन्येचं काम करणारी मुलगी आत आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"त्या दुसऱ्या नाटकातलं काम गेलं, काका. वाट बघून त्यांनी दुसरीला घेतलं. त्यांनी मला विचारलं, त्याच दिवशी मी सरांची परवानगी मागणार होते. तुम्हीच म्हणालात, सरांचा स्वभाव मला ठाऊक आहे, तू गप्प बस, मी बोलतो."

दिग्दर्शक चक्रावला. "मला कोणी विचारलंच नाही. मी लगेच हो म्हटलं असतं."

"बोलणारच होतो गं," काका पुटपुटले. "वेळच मिळाला नाही."

"रोज तर बोलत होतात सरांशी, तास तास," ती म्हणाली. "त्या प्रधानासाठी."