इस्त्री केलेल्या पावत्या

आमच्या ताईच्या हातून चुरगळलेलं काही बाहेर जात नाही. पस्तीस वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवले; कपडा शिवून झाला की आधी इस्त्री, मगच गिऱ्हाईक. त्या सवयीनंच घात केला, पण तिला दोष देववत नाही.

घर आई-वडिलांचं. आई गेल्यावर ते विकलं, कारण माझा वाटा माझ्या दुकानाच्या कर्जाला हवा होता. ताईला तिच्या वाट्यातून दोन खोल्या पागडीनं घ्यायच्या होत्या. खोल्या तिनं पसंत करून ठेवल्या होत्या, खिडकीखाली शिलाई मशीन बसेल का तेही टेपनं मोजून आली होती. उरलेली रक्कम शुक्रवारपर्यंत भरायची होती.

मध्ये कर आला.

"वडिलांनी घेतलं कवडीमोलानं, तुम्ही विकलंत सोन्याच्या भावानं," करसल्लागार म्हणाले. "मधला सगळा नफा. त्यावर कर."

"नफा कसला? अहो, आम्ही राहत होतो त्यात. दुकान का मांडलं होतं?"

"कायदा तसंच धरतो, ताई. खोल्या पागडीच्या, म्हणून नव्या घराची सूटही नाही. पण विकलेल्या घरावर मोठा खर्च केला असेल तर तो वजा होतो. पावत्या आहेत?"

ताईचा चेहरा उजळला. आईला चाकाची खुर्ची आली तेव्हा तिनं पायऱ्यांच्या जागी उतार करून घेतला, न्हाणीघर रुंद केलं, पुढे छप्पर बदललं. सगळं शिलाईच्या पैशातून, रोखीनं. पावत्या बिस्किटांच्या डब्यात कोंबलेल्या होत्या. करसल्लागारांनी आकडे मांडून पाहिले. एवढं वजा झालं तर दोन खोल्यांपुरतं उरत होतं. जेमतेम, पण उरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला न्यायला गेलो, तर ती इस्त्रीच्या टेबलापाशी नुसती उभी.

"साहेबांपुढे असली चोळामोळा झालेली चिठोरी कशी ठेवायची, म्हणून सगळ्या मांडल्या, वर पातळ फडकं घातलं आणि इस्त्री फिरवली," ती म्हणाली. "बाळ्या, हे धुतलं तर निघेल का रे?"

पावत्या नव्या कापडासारख्या सपाट झाल्या होत्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या. त्या कागदावर म्हणे शाई नसतेच. तो उष्णतेनं काळा होतो, तीच अक्षरं. हातानं लिहिलेल्या दोनच वाचल्या. एक कडीची, एक ब्रशची.

करसल्लागारांनी एकेक पट्टी खिडकीशी धरून पाहिली. चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली.

"दुकानातून दुसरी प्रत?"

"ते दुकान बंद होऊन चार वर्षं झाली," मी म्हणालो.

"मग उतार येऊन बघा ना," ताई म्हणाली. "त्याला का पाय आहेत?"

घर गेल्या आठवड्यातच पाडलं होतं. तिला ते ठाऊक होतं, तोंडातून निघून गेलं. मग तिनं पिशवीतून उतारावरच्या खुर्चीत बसलेल्या आईचा फोटो काढला. करसल्लागारांनी तो बराच वेळ पाहिला.

"यात उतार दिसतो, ताई. त्याला किती लागले ते दिसत नाही."

"देवाला ठाऊक आहे मी किती मोजले ते."

"त्याची सही चालत असती तर आत्ता फॉर्म भरला असता," ते म्हणाले. थट्टा नव्हती ती. देव भावाचा भुकेला, कचेरी कागदाची. तिथं त्यांचंही काही चालत नव्हतं. खर्चाच्या रकान्यात त्यांनी कडी आणि ब्रशसुद्धा लिहिला नाही. शून्य लिहिलं.

माझा वाटा कर्जापोटी बँकेत जमा होऊन गेला होता. "ताई, मी काहीतरी बघतो," असं म्हणालो खरा. तिनं माझ्या हातावर थोपटलं, लहानपणी मी पडलो की थोपटायची तसं.

गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरातून तिनं खोल्यांच्या मालकिणीला फोन केला. जमत नाही म्हणून दोनदा माफी मागितली.

"आणि एक," शेवटी ती म्हणाली, "खिडकीखाली भिंतीवर मी मशीनसाठी पेन्सिलीची खूण केलीय. रबरानं निघेल हो ती."