न गळणारी गाडी

नवऱ्याचा चेहरा कसा आहे असं मला कुणी विचारलं, तर क्षणभर आठवावं लागेल. पायांचं विचारा, लगेच सांगते. लग्न झाल्यापासून दर रविवारी नेव्हिलचे पाय त्या हिरव्या, दोन माणसांच्या, बिनटपाच्या गाडीखालून बाहेर आलेले असतात. गाडी अस्सल इंग्लंडची, पण इंग्लंडच्या हवेत बाहेर काढायची नाही, असा त्याचा नियम. ढग दिसला की गॅरेजचं दार बंद. आणि आमच्या लेडबरीत ढग कधी नसतो?

यंदा मी हट्टालाच पेटले. सिडमथला समुद्रासमोर एक फ्लॅट हेरून ठेवला, मुद्दाम गॅरेज नसलेला. समोर समुद्र आणि बाकावर शेजारी नवरा, सगळाच्या सगळा, डोक्यासकट. म्हातारपणी एवढंच मला हवं होतं. नेव्हिल बरंच कुरकुरला, मग म्हणाला, "गाडी चांगल्या घरी पडली की निघू, बेरिल."

गिऱ्हाइकं येऊ लागली. रंग बघून खूश, चामड्याच्या सीट बघून खूश, इंजिनाचा आवाज ऐकून तर डोळेच मिटायची. मग गुडघे टेकून गाडीखाली बघायची आणि चेहरा पडायचा.

"तेल नाही कुठे?" पहिल्यानं विचारलं.

"एक थेंब सापडणार नाही," नेव्हिल छाती फुगवून म्हणाला. "गळती मी कायमची बंद केलीय."

तो माणूस चहा अर्धा टाकून गेला. या गाड्यांच्या शौकिनांचं एक ब्रह्मवाक्य आहे: खाली तेल नसेल तर आतही नसणार. अस्सल गाडी गळणारच. न गळणारी म्हणजे काहीतरी लपवाछपवी. दुसऱ्यानं तर सरळच विचारलं, "इंजिन तेच आहे ना? की आत जपानी बसवलंय?"

नेव्हिलला ते इतकं लागलं की रात्री तो जेवला नाही. मला त्याची कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, संतापही आला. आयुष्यभर राबून माणसानं एक गोष्ट निर्दोष करावी आणि नेमकी तीच विकली जाऊ नये! तिकडे फ्लॅटवाले रोज फोन करून विचारत होते, "काय ठरलं?"

पुढच्या रविवारी डेनिस थ्रूप नावाचे गृहस्थ येणार होते. नेव्हिल वर टाय बांधत होता. मी गॅरेजात गेले, बरणीत साठवलेलं इंजिनाचं जुनं, काळं तेल चहाच्या चमच्यात घेतलं आणि इंजिनाच्या बरोबर खाली, आमच्या स्वयंपाकघराहून स्वच्छ फरशीवर, चार थेंब सोडले.

थ्रूप आले, वाकले, थेंबाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. चेहरा असा खुलला की विचारू नका.

"अस्सल! सहा महिने हिंडतोय अशा गाडीसाठी. घेतली मी, मिस्टर हॅडली!"

त्यांनी हात पुढे केला. नेव्हिलचाही हात निघाला. माझ्या नाकात समुद्राचा खारा वास आलासुद्धा. तेवढ्यात नेव्हिलची नजर त्यांच्या काळ्या बोटावर गेली.

"हे काय?"

"तेल! मस्त गळतेय की."

"माझी गाडी? गळतेय?" नेव्हिल टायसकट जमिनीवर आडवा झाला. खालून त्याचा आवाज आला, "माफ करा, साहेब. गळकी गाडी मी कुणालाही विकत नाही. आधी गळती शोधतो."

"अहो, गळतेय म्हणूनच तर घेतोय!"

"ते तुमचं मोठं मन झालं. पण मला रात्री झोप लागायची नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. पण सांगू काय? खरं सांगितलं तर थ्रूप जाणार, न सांगितलं तर नेव्हिल बाहेर येणार नाही. इतक्यात गाडीखालून हाक आली, "बेरिल, टॉर्च आण गं!" आवाजात इतका आनंद होता की आमच्या लग्नातही मी तो ऐकला नव्हता. मी मुकाट्यानं टॉर्च आणून दिला.

थ्रूप मात्र भारावून गेले. "असा सच्चा माणूस मी पाहिला नाही. मला घाई नाही, बाई. मी थांबतो." आणि कोट काढून तेही खाली शिरले.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात, स्वतःची सतरंजी घेऊन. दोघं सगळे नट खोलतात, सगळे बसवतात. गळती काही सापडत नाही. सापडेल कशी? ती चमच्यात होती आणि चमचा मी केव्हाच धुऊन ठेवलाय. नेव्हिल म्हणतो, फार लबाड गळती आहे, पण मी तिला सोडणार नाही.

सिडमथचा फ्लॅट गेल्या महिन्यात दुसऱ्या कुणी घेतला. फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून रडले. मग चहाची वेळ झाली. पूर्वी गाडीखाली एकच कप सरकवावा लागायचा, आता दोन लागतात.