फुटून निघायचं कलम

१९७४ साली मराठवाड्यात आंदोलन पेटलं, तेव्हा ताडकळसच्या पंचायतीत दोन बाया सदस्य होत्या. एक कधी बैठकीला यायचीच नाही. दुसरी सरजाबाई, बौद्ध वस्तीतली, पूर्णा स्टेशनावरच्या गँगमन सितारामची बायको. पस्तिशी उलटल्यावर नवऱ्याकडून ती अक्षरं शिकली आणि पहिलं पुस्तक हाती धरलं ते राज्यघटनेचं. दर रविवारी विहारात ती त्यातलं एक कलम मोठ्यानं वाचायची, अडखळत, पण एकही शब्द न गाळता.

बाजाराच्या दिवशी परभणीचे तात्याराव वकील पंचायतीपुढं ठराव घेऊन आले. माणूस तळमळीचा. रेल्वेची रुंद लाईन, पाटाचं पाणी, पोरांना नोकऱ्या, त्यांचं सगळंच लोकांना पटलं. मराठवाड्याचं वेगळं राज्य करा, हेही पटलं. शेवटी आवाज चढवून ते म्हणाले की दिल्लीनं ऐकलं नाही, तर आपण हिंदुस्थानातूनच फुटून निघू. टाळ्या पडल्या. सरपंच किशनरावांनी सही करून कागद पुढं सरकवला. बाकीच्यांनी न वाचता सह्या ठोकल्या, दोघांनी अंगठे उठवले.

कागद सरजाबाईपुढं आला तशी ती वाचायला लागली. सभा खोळंबली. किशनराव म्हणाले, सही कर बाई, वकिलांची परभणीची मोटार निघून जाईल. ओळीवरचं बोट काही तिनं उचललं नाही. शेवटच्या ओळीशी ते थांबलं.

"वकीलसाहेब, हे फुटून निघायचं कुठल्या कलमात हाय?"

वकील हसले. असल्या गोष्टी कलमात नसतात, लोकांच्या मनात असतात, म्हणाले.

"पहिल्या कलमात भारत म्हंजे राज्यांचा संघ, असं लिव्हलंय. तिसऱ्यात पार्लमेंटला नवं राज्य करता येतं. आपलं वेगळं राज्य मागा, ती वाट हाय. भाईर जायची वाट मला तरी कुठं घावली न्हाई."

आता वकील हसले नाहीत. पुस्तक राहू दे बाजूला, त्यांनी विचारलं, सगळा मराठवाडा उठला तर दिल्ली करून करून काय करील?

तिनं त्याचाही विचार केला होता. आधी मुंबईचं सरकार मोडून राष्ट्रपतीची राजवट लावतील, ती म्हणाली, तीनशे छप्पन्नावं कलम त्यासाठीच आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर फौज येईल.

"निजामापाशी सोताची फौज व्हती, सोताचा शिक्का व्हता, सोताची रेल्वे व्हती. पाच दिवसांत आटोपलं. आपल्यापाशी काय हाय?"

एका खेड्यातली बाई वकिलाला कायदा सांगते, हे काहींना रुचलं नव्हतं. पण खोडून काढावं असं त्यात काही सापडेना. सरजाबाई मात्र ताठ बसली होती. ज्या पुस्तकानं आपल्याला या सतरंजीवर बसवलं, त्याच्या बाहेर नेणाऱ्या कागदावर सही करायची नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

मग किशनराव उठले. त्यांचा थोरला भाऊ रझाकारांच्या हातून मेला होता, हे गावाला ठाऊक होतं. कागद परत घेऊन ते हळूच म्हणाले, "माझा भाऊ हिंदुस्थानात यायचं म्हणून मेला. अन् मी भाईर जायच्या कागदावर सही करून बसलो."

त्यांनी ती ओळ खोडली. तात्याराव वकिलांचा मोठेपणा असा की, त्यांनी तो कागदच फाडून टाकला आणि तिथंच नवा लिहून काढला. मागण्या सगळ्या ठेवल्या, धमकी गाळली. नव्या कागदावर पहिली सही सरजाबाईची झाली. तिच्यानंतर कागद वाचून घेतल्याशिवाय कुणी पेन धरला नाही, त्यामुळं वकिलांची मोटार खरोखरच चुकली.

पुढल्या महिन्यात परभणीच्या सभेत बोलायला तात्यारावांनी सरजाबाईला बोलावणं धाडलं. सिताराम रजा काढून सोबत गेला. ती बोलायला उभी राहिली तेव्हा तो पार मागं होता, आणि शेजारच्या अनोळखी माणसांना एकेकाला सांगत होता, "ती बोलायलीय ना, ती माझी बायको हाय."