प्लगच्या भोकातली दोरी

जनरेटरचा नुसता प्लग साफ करायचा होता. काल संध्याकाळी तो मधूनमधून खोकत का होईना, पण चालला होता आणि टुणीची वाफ पूर्ण झाली होती. सध्या आमच्याकडे दिवेलागणीला वीज जाते ती जेवणं उरकेपर्यंत येत नाही, आणि दीड वर्षाच्या टुणीची छाती नेमकी त्याच वेळेला भरते. वाफेचं मशीन विजेवर चालणारं. म्हणून हा जनरेटर.

"प्लग झाला साफ," नवरा मागच्या ओट्यावरून म्हणाला.

"मग लावून बघ ना."

"बघतो गं. पण खोललंच आहे तर इंजिनाच्या चाकामागचं पण बघून घेऊ."

खोललंच आहे तर! या घराण्यात हे वाक्य पिढीजात आहे. त्यापायी मिक्सर गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं आणि बाथरूमचा नळ अजून उलटा फिरतो. त्यात आज सुट्टी, म्हणून त्याचा मोठा भाऊ, आमचे दादा, पान्यांची पिशवी घेऊन हजर.

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," मी म्हटलं.

"अगं, तू बाळाकडे बघ. हे आम्ही बघतो," दादा म्हणाले.

बाळाकडेच बघत होते मी. टुणी माझ्या खांद्यावर होती. श्वास घेताना तिच्या गळ्याखाली खळगी पडायला लागली होती.

चाकाचा नट निघेना. पाना लावला की नटाबरोबर चाकही फिरायचं, आणि चाकाबरोबर आतला पिस्टन. तो अडवायची दादांची युक्ती अशी, की प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये नायलॉनची दोरी कोंबायची. पिस्टन वर येऊन दोरीवर टेकला की चाक जागच्या जागी थांबतं.

"दोरी आत कशात अडकली तर?"

"आत काय खिळे आहेत का अडकायला?" नवरा हसला.

दादांनी दोरी सारली आणि नवऱ्याने पाना दाबला. नट हलेना. मग दोघांनी मिळून जोर लावला. आतून 'कट्' असा बारीक आवाज आला आणि नट सुटला.

"बघ!" दोघे एकदम म्हणाले. जणू किल्लाच सर केला.

मी दोरीकडे बघत होते. बाहेर आलेलं टोक एका बाजूने चेपलेलं होतं आणि त्याचे धागे सुटले होते. "हे असं कसं झालं?"

"दोरीच ती. तिला काय होतंय?"

चाकाच्या मागे काहीच बिघडलेलं नव्हतं. थोडी धूळ होती, ती पुसली. सगळं परत बसवलं. नवऱ्याने चालू करायची दोरी ओढली, आणि ती इतकी हलकी आली की तो मागच्या मागे बादलीवर बसला. एरवी ती ओढताना खांद्याला हिसका बसतो. आता इंजिनात दाबच नव्हता. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा. तेवढ्यात घरातला पंखा मंदावत थांबला. वीज गेली होती.

दादांनी वरचं झाकण काढून आत टॉर्च मारला.

"झडप वाकली रे. पिस्टन दोनदा वर येतो ना, एकदा झडपा बंद असताना, एकदा एक उघडी असताना. आपण उघडी असतानाच दोरी घातली. पिस्टनने दोरी दाबली, दोरीने झडप."

"आपण? दोरी कोणी घातली?"

"पाना कोणी दाबला?"

"तूच म्हणालास ना, दाब म्हणून!"

दोरीचा पीळ गेला, यांचा जाईना. मला ओरडायचं होतं, पण टुणी दचकली असती. तिचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता. मी वाफेचं मशीन आणि औषध पिशवीत टाकलं, पायात मिळेल ती चप्पल सरकवली आणि निघाले.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात इन्व्हर्टर आहे. दुकानदार बाईंनी काही न विचारता स्टूल पुढे केलं. भिंतीवरचं सॉकेट सैल होतं. प्लग घातला की निसटायचा. एका हाताने मास्क आणि एका हाताने प्लग धरायचा, तर टुणीला काय दातांत धरू?

तेवढ्यात नवरा धापा टाकत आला. हात कोपरापर्यंत काळे. टुणीला घ्यायला पुढे झाला.

"त्या हातांनी नको. तो प्लग दाबून धर."

तो भिंतीशी उकिडवा बसला. मशीन घरघरायला लागलं, मास्कमध्ये पांढरी वाफ भरली. टुणी आधी रडली, मग हळूहळू माझ्या दंडावर सैल झाली. मी तिच्या गळ्याखालची खळगी बघत राहिले.

"तशी नवी झडप मिळते," तो खालून म्हणाला. "दादा म्हणतो, उद्या आम्ही दोघं मिळून..."

"जनरेटर मेकॅनिककडे जाईल. तुम्ही दोघं नाही."

"अगं, पण..."

"हलू नकोस. प्लग निसटतोय."