पावलीचा वाफा

कीर्तनाशिवाय कुठलंच काम सुरू झाल्यासारखं प्रेमलाताईंना वाटत नसे. घरी नवा फ्रिज आला तेव्हासुद्धा त्यांनी आधी मोबाइलवर कीर्तन लावलं, मगच त्यात दूध ठेवलं. तेव्हा कॉलनीतल्या वाफ्यालाही कीर्तन होणार, हे ठरल्यातच जमा होतं.

जालन्यातली त्यांची कॉलनी उतारावर आणि उताराच्या पायथ्याशी तळं. रस्ते सिमेंटचे झाल्यापासून पावसाचं पाणी मुरायचं नाव घेईना. गाड्यांचं ऑइल, चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, सगळं बरोबर घेऊन ते थेट तळ्यात उतरायचं. काठावरच्या मारुतीला प्रेमलाताई पूर्वी त्याच तळ्याच्या पाण्यानं आंघोळ घालायच्या. आता तळ्यावर हिरवी साय धरली होती आणि तांब्या घरून न्यावा लागे. ते त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

म्हणून त्यांनी दारोदार हिंडून बेत सांगितला. उताराच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथं रस्त्याहून खोल असा लांबट वाफा करायचा. खाली दगडगोटे, वर वाळू घातलेली भुसभुशीत माती. पाणी तिथं थांबेल, मुरेल, घाण वरच राहील. सोसायटीचे सचिव केदारराव यांना मात्र त्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायच्या होत्या.

"ताई, एक पाऊस बघतो," ते शेवटी म्हणाले. "पाणी जिरलं तर वाफा तुमचा. न्हाई जिरलं, तर मंग ब्लॉक आमचे."

माती भरून झाली त्या संध्याकाळी जांब समर्थहून पुंजारामबुवा कीर्तनाला आले. रस्ताभर गाड्या, म्हणून माणसं वाफ्यातच उभी राहिली. बुवा असे रंगले, की गजर सुरू होताच सगळी कॉलनी पावली खेळायला लागली. गुडघेदुखीवाले मुकुंदराव, म्हणजे ताईंचे यजमान, तेही नाचले. सगळ्यांत जोरात केदारराव. दुसऱ्या दिवशी तिथं कर्दळी लावायला चक्क पहार घ्यावी लागली, पण कुणाच्या मनात काही आलं नाही.

मग पाऊस आला. पाणी वाफ्यात शिरलं, परातीत थांबावं तसं थांबलं आणि काठावरून ओसंडून कपांसकट तळ्याकडे निघालं. केदारराव छत्रीखालून बघत होते. ते हसले नाहीत. रविवारी ब्लॉकवाल्याला बोलावून राह्यलो, एवढंच हळू आवाजात म्हणाले.

ताईंना जेवण गेलं नाही. मुकुंदराव म्हणाले, "अगं, देवासमोर इतकं धबाधबा नाचलात, त्या मातीचा तरी विचार करायचा."

त्यांनी नुसता टोमणा मारला होता. पण ताई ताटावरून उठल्या आणि अनवाणी वाफ्यात जाऊन उभ्या राहिल्या. टाच रुतेना. त्यांना आष्टीचं माहेर आठवलं. ज्वारीच्या मळणीआधी वडील खळ्यात पाणी शिंपडून बैल फिरवायचे, जमीन घट्ट होऊन दाणा मातीत जाऊ नये म्हणून. ताई एकट्याच हसायला लागल्या.

"अहो, आपण खळं केलं," त्या मागून आलेल्या मुकुंदरावांना म्हणाल्या. "भक्तीनं केलं, पण खळंच केलं."

बुवांना फोन लावला. ते बराच वेळ नुसते हसत होते. मग म्हणाले, "मीच नाचवलं, ताई. उकरायलाबी मीच येतो."

शनिवारी बुवा आले आणि धोतर खोचून वाफ्यात उतरले. केदाररावांच्या हातात त्यांनी स्वतः कुदळ दिली. पाय सगळ्यांत जोरात तुमचे होते, तेव्हा पहिला मान तुमचा, म्हणाले. केदारराव लाजत उतरले. अख्ख्या कॉलनीनं कर्दळी बाजूला काढून माती वीत-दीड वीत खणली, ढेकळं फोडली, कर्दळी परत लावल्या. मग रस्त्यावरच्या गाड्या हलवून तिथं ताडपत्री ताणली आणि कीर्तन सुरू झालं.

निरूपण रंगात आलं आणि सर आली. हळूहळू सगळ्यांच्या माना वाफ्याकडे वळल्या; बुवाही थांबले. पाणी आलं, कर्दळींभोवती फिरलं, बुडबुडे निघाले आणि ते खाली खाली गेलं. कप तेवढे मातीवर उताणे राहिले. मागून नवं पाणी आलं, तेही गेलं.

केदारराव वाकून बघत होते. "जिरून राह्यलं की बराबर," ते म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी ब्लॉकवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

मृदंगावर आपोआप थाप पडली. केदाररावांचे पाय उचलले गेले, त्यांच्यामागे सगळ्यांचे. आणि नाचणाऱ्यांचा लोंढा आनंदानं वाफ्याकडे सरकला. प्रेमलाताई धावत जाऊन वाफ्यापुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"नाचा, बिलकुल नाचा," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यावर."